काळीतलं घर

उकंडरावानं उभी हयात गावाच्या मातीच्या भिंती घालण्यात घालवली. मातीचा गारा तुडवायचा, थरावर थर चढवायचा, वर मातीचं धाबं टाकायचं. त्याच्या हातची भिंत नातवंडं पाहील, असं लोक म्हणत. त्याचं स्वतःचं बिऱ्हाड मात्र भावाच्या घरात, एका खोलीत. पोराचं, निवृत्तीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, तरी सून दुसरबीडला माहेरीच. व्याह्यानं बजावलं होतं, "वेगळं दार दाखवा, मंग पोरगी धाडतो."

दार लावायचं कुठं? वस्तीखालची माती पांढरी, म्हणून वस्तीलाच पांढरी म्हणत, अन् शेताला काळी. पांढरीत आता खाट टाकायला जागा उरली नव्हती. शेवटी घरांना नवी जागा द्यायचा नागपूरच्या सरकारचा हुकूम आला, तहसिलीतून कारकून आला, अन् ओढ्याकाठी काळीत खुट्या ठोकू लागला.

उकंडरावानं हात जोडले. "साहेब, काळीत भित धरत नाही. उन्हाळ्यात जमीन फाटते, पावसाळ्यात फुगते. ते मुरमाचं टेकाड द्या ना."

टेकाड हिंमतराव पाटलाचं. पाटील कारकुनाच्या शेजारीच बसला होता. "तिथं माहे बैल बसतात बे, उकंड्या. काळीत बांधले तं फसतीन ना!"

सगळे हसले. सवयीनं उकंडरावही हसला.

सगळं माहीत असून त्यानं घर घातलं. पौषात कमरेइतका पाया खणून त्यात पांढरीची माती भरली. त्यानं अन् झुंबरबाईनं ती महिनाभर डोक्यावर वाहिली.

"घराले वाटलं पाह्यजे, आपण गावातच आहो," तो बायकोला म्हणे.

"घराले काऊन फसवता?" ती म्हणे, अन् टोपलं उचले.

वैशाखात व्याही सुनेला घेऊन आला. कोपऱ्याच्या बुडाशी जमीन फाटली होती, अन् भेग भिंतीतून थेट धाब्यापर्यंत चढली होती. व्याह्यानं वाकून बुडाच्या भेगेत काठी सोडली. मुठीपर्यंत गेली.

"पावसाळ्यात मिटते ते," उकंडराव म्हणाला. भिंतीबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

"मंग पावसाळ्यात तुम्हीच झोपा अंदर." व्याह्यानं लेकीचं गाठोडं पुन्हा गाडीत टाकलं.

गाडी ओढ्यात उतरली. निवृत्ती दारात चुळबुळत होता. "बाबा, त्याईच्या घरी दोन खोल्या आहेत. मी बी जाऊ?"

झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला.

"जाय," उकंडराव म्हणाला. "पाय उचल, गाडी दूर जाईन."

मग त्यानं उरलेल्या पांढरीचं टोपलं भेगेत रिकामं केलं. दुसरं केलं. माती खाली जातच राहिली.