वॉचमनचा हात

नोकरीत असताना मी कुष्ठरोगाचा तंत्रज्ञ होतो. अंबरनाथच्या शिवमंदिरामागच्या वस्तीपासून उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या चाळींपर्यंत घरोघर फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे, गोळ्या सुरू करायच्या आणि कुणी त्या मध्येच सोडणार नाही हे बघायचं, हे काम. शाळांत आणि कंपन्यांच्या गेटवर भाषणंही द्यायचो. हा शाप नाही, रोग आहे. औषधाने पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की पसरत नाही. ही वाक्यं मी झोपेतही म्हणू शकलो असतो. निवृत्तीनंतर आम्ही बदलापूरला मांजर्लीत फ्लॅट घेतला आणि ती वाक्यं म्हणायची वेळ संपली, असं मला वाटलं.

काही वर्षांनी सोसायटीत दिवसपाळीला नवा वॉचमन आला. पन्नाशीचा, बीडकडचा, कमी बोलणारा. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली. कुणी विचारलं तर सांगायचा, मशीनमध्ये सापडली. पहिल्याच आठवड्यात मी त्याला चहा नेऊन दिला. स्टीलचा पेला इतका तापलेला होता की मी तो रुमालात धरून आणला होता. त्याने तो सरळ मुठीत घेतला आणि पाण्याच्या टँकरबद्दल बोलत राहिला.

"पेला खाली ठेवा," मी म्हणालो. "हात भाजतोय तुमचा. तुम्हाला कळत नाहीये."

त्याने पेला स्टुलावर ठेवला. आधी तळव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गोळ्या पूर्ण केल्या होत्या?" मी हळू आवाजात विचारलं.

"बारा महिने. एक दिस चुकवला नाही. नऊ वरसं झाली त्याला." मग म्हणाला, "साहेब, हितं कुनाला बोलू नका. आधीची दोन कामं ह्याच्यापायीच गेली."

मी शब्द दिला आणि पाळला. गरम वस्तू फडक्यात धरा, रोज हातपाय तपासत जा, एवढं त्याला सांगितलं. घरी बायकोलाही काही बोललो नाही.

वर्षभर ठीक चाललं. त्याचा चहा रोज आमच्या घरून जायचा. मग एका दुपारी पंप बंद करताना तापलेल्या मोटरवर त्याचा हात टेकला आणि त्याला पत्ताच लागला नाही. तळव्याला फोड आला, फोडाची जखम झाली, जखमेवर पट्टी आली. ती काही लवकर भरेना. पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वळलेली बोटं आणि रोजची पट्टी पाहून तर्क केला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'आपला वॉचमन महारोगी आहे. मुलं खाली खेळतात. जबाबदार कोण?' त्याखाली भराभर संतापाचे मेसेज आले. सेक्रेटरीने रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग लावली.

मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. मी शब्द दिलाय, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे गोष्ट बाहेर पडल्यावर त्या शब्दाला काही अर्थ उरला नव्हता, आणि ते मला कळत होतं. ग्रुपवर ते आलं त्याच दिवसापासून बायको त्याचा चहा कागदी कपात द्यायला लागली. मी तो कप पाहिला आणि काही न बोलता खाली घेऊन गेलो. चार दिवस नेत होतो.

शनिवारी मी त्याला विचारलं, "उद्या मी बोलू का?"

"आता झाकायचं काय ऱ्हायलंय? बोला. पन गरीब हाय, ऱ्हाऊ द्या, असं म्हनू नका. कामात कुठं चुकला का, येवढंच इचारा त्यांना."

मीटिंगला बरेच लोक आले. तो गेटजवळ स्टुलावर बसून होता. सगळं त्याला ऐकू जात होतं. पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, "आम्हाला त्याच्याबद्दल काही पर्सनल नाही. पण रिस्क का घ्यायची? दुसरा माणूस मिळेल की."

मी उभा राहिलो. माझी नोकरी काय होती ते सांगितलं, मग तीच जुनी वाक्यं. हा माणूस बरा झालेला आहे. त्याच्या हाताच्या नसा गेल्यात, म्हणून त्याला चटका कळत नाही. जखम भाजल्याची आहे, रोगाची नाही. त्याच्याकडून कुणाला काही होणार नाही. "आणि कामात तो कधी चुकला असेल तर आत्ता सांगा," मी म्हणालो. एकही तक्रार पुढे आली नाही. आता पटतंय, असं मला वाटलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला एवढं सगळं माहितीय, मग तुमच्या घरून त्यांना कागदाच्या कपात चहा का येतो? मी लिफ्टमध्ये बघते ना रोज."

गेटकडे बघायचं धाडस झालं नाही.

"चुकलं," मी म्हणालो. "माहीत असून गप्प बसलो. ग्रुपवरही गप्प बसलो. मी घाबरलो, तुमच्यासारखाच. पण माझ्या घाबरण्याने त्याचा रोग परत येत नाही, आणि तुमच्या घाबरण्यानेही नाही."

नंतर बराच गोंधळ झाला. शेवटी सेक्रेटरी म्हणाला, "डॉक्टरचं लेटर आणा, मग बघू. तोपर्यंत त्याला कोणी काढायचं नाही." त्या बाईंनी सगळ्यात आधी होकार दिला.

घरी आल्यावर बायकोवर चिडून बोललो. ती भाजी निवडत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "तीस वर्षं बाहेर भाषणं दिलीत. मला कधी बसवून सांगितलंत? लेक लहान असताना तुम्ही कामावरून आलात की मी आधी अंघोळीला पाठवायचे. तेव्हा तरी म्हणालात का, याची गरज नाही म्हणून?"

नव्हतो म्हणालो. मुकाट्याने बाथरूममध्ये जायचो. त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ बोललो. शाळांतल्या मुलांनी मला विचारले होते, तेच प्रश्न तिने विचारले.

सोमवारी मी त्याच्याबरोबर उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात गेलो. रिक्षात मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "कप बदलला तवाच मला कळलं हुतं. पन तुमी चहा आनायचं थांबवलं नाही." डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, तो संसर्गजन्य नाही असं लिहून दिलं, आणि हे पत्र मागणाऱ्यांना एकदा इकडे पाठवा, असंही मला सुनावलं.

पत्र सेक्रेटरीने फाइलला लावलं. जखम दीड महिन्यात भरली. पुढे दीड-पावणेदोन वर्षं त्याने काम केलं आणि मग मुलीने बोलावलं म्हणून स्वतःहून सोडून तिच्याकडे राहायला गेला. जायच्या आधी आमच्याकडे जेवायला आला होता.

पाचव्या मजल्यावरच्यांनी मात्र शेवटपर्यंत स्वतःचं पार्सल त्याच्या हातून घेतलं नाही. शेजाऱ्यांकडे ठेवायला सांगायचे. मी त्यांना दोनदा घरी जाऊन समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि पार्सल शेजाऱ्यांकडेच राहिलं. तिसऱ्यांदा मी गेलो नाही. जायला हवं होतं.