अस्वलाच्या भेटीचा नंबर

रांग मोडणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. एसटी स्टँडवर खिडकीशी कोणी बाजूने हात घातला की मी त्याला मागे पाठवते, मग तो ओळखीचा असो की नात्यातला. कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर माझा जन्म गेला, तिथे प्राचार्यांच्या मुलीलासुद्धा मी नंबराप्रमाणेच पुस्तक दिलं. माझा धाकटा भाऊ यावरून माझी टर उडवायचा. "ताय, तू वर जाशील ना, तवापन यमाला इचारशील, कितवा नंबर चाललाय," म्हणायचा. मी त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या स्वभावामुळे झालं, आणि ते मी अजून आईला सांगितलेलं नाही.

आम्ही तिघं रत्नागिरीत राहत होतो, आई, मी आणि तो. मी लग्न केलं नाही, त्याचं जमलं नाही. मुंबईतली त्याची कंपनी बंद पडल्यावर तो परत आला आणि वर्षभर घरात बसून आईने केलेल्या माशांच्या कालवणाला नावं ठेवत राहिला. मग शहराबाहेरच्या सड्यावर, उघड्या जांभ्या कातळावर, एक थीम पार्क सुरू झालं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि मुलांना भेटायला सोंगं घेतलेली माणसं: ससा, माकड, हत्ती आणि अस्वल. अस्वल म्हणजे माझा भाऊ. पन्नाशीला आलेला माणूस अस्वल होऊन मुलांना मिठ्या मारतो याची मला लाज वाटायची, आणि मी ती त्याच्यापासून लपवलीही नाही. त्याला काही वाटायचं नाही. तो गावचा संकासूर होता.

आमचं गाव गुहागरकडे. शिमग्यात दारोदार नाचत फिरणारे खेळे निघतात, त्यांच्यात संकासूर असतो: अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंड झाकलेलं, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. माझ्या भावाने हे सोंग पंधरा-सोळा शिमगे घेतलं. तो दारात आला की आई निरांजन घेऊन पुढे व्हायची, त्याला ओवाळायची आणि वाकून पाया पडायची. स्वतःच्या पोटच्या पोराच्या. तो तिला उठवायचा नाही, हसायचा नाही, बोलायचा तर नाहीच. सोंग अंगावर आहे तोवर आत कोण आहे हे कोणी बोलायचं नाही आणि चारचौघांत तोंडावरचं काढायचं तर मुळीच नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, चप्पल दाराबाहेर काढावी तितकं ते अंगवळणी पडलेलं होतं. अस्वलाचा नियमही तोच निघाला. मुलांसमोर बोलायचं नाही, मुलांसमोर डोकं काढायचं नाही. पार्कातल्या साहेबांनी हे समजावलं तेव्हा त्याला हसू आलं होतं म्हणे.

मे महिन्यात चाकरमानी मुलाबाळांना घेऊन गावी आले की पार्कात झुंबड उडायची. मुलं सोंगांच्या अंगावर पडायची, शेपट्या ओढायची. म्हणून त्यांनी फोनवरची रांग आणली. फाटकाशी पाटीवरचा चौकोनी कोड फोनने टिपायचा, कोणाला भेटायचं ते निवडायचं, नंबर यायचा. मग कोकम सरबत घेऊन शेडमध्ये बसायचं. फोनवर दिसत राहायचं, सध्या कितवा चालू आहे, आपल्या पुढे किती. पाळी आली की तीनदा घंटी वाजायची आणि संदेश यायचा: आपला क्रमांक आला आहे, कृपया तीन मिनिटांत यावे. भावाने हे घरी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अखेर देशात एक तरी गोष्ट धड झाली. तो म्हणाला, "मग ये की एकदा. नंबर लावूनच ये. मी काय तुला मधे घेनार नाय."

एका रविवारी मी गेले. आईला बाजारात जाते म्हणाले, कारण अस्वल बघायला जाते म्हणायची मला लाज वाटली. नंबर मिळाला सत्तेचाळीस. चालू होता अडतीस. शेडमधून दोरीपलीकडे तो दिसत होता. त्यानेही मला ओळखलं असावं, कारण एक मोठा केसाळ पंजा वर करून त्याने माझ्या दिशेने हलवला. मी पटकन फोनमध्ये बघितलं. इतकी माणसं बसली होती.

एक्केचाळीस चालू असताना तो खाली बसला. भेटायला आलेली दोन मुलं खिदळली, त्यांचा बाप फोटो काढत होता. अस्वलाने पंजा गळ्याशी नेला, एकदा आणि मग पुन्हा. त्याचं तोंड शेडकडे होतं. तो माझ्याकडे बघत होता की नाही हे कळायला मार्ग नव्हता. अस्वलाचे डोळे प्लास्टिकचे, आतला माणूस तोंडाच्या जाळीतून बघतो. मला चमत्कारिक वाटलं. मी उठून दोरीपाशी गेले. तिथल्या गणवेशातल्या माणसाने विचारलं, "मॅडम, तुमचा नंबर?" मी म्हटलं, सत्तेचाळीस. तो म्हणाला, "मग बसा ना. अजून सहा जण हायत."

मी बसले. मी जाऊन बसले, ही ती गोष्ट.

अस्वल आडवं झालं तेव्हा मुलं त्याच्या पोटावर चढली. ती उतरेनात म्हणून बापाने ओढून काढली. मग दोघा माणसांनी त्याला उचलून पडद्यामागे नेलं, डोकं तसंच ठेवून, कारण समोर सगळी मुलं होती. मी पडद्यापर्यंत धावले, तिथे मला आत सोडलं नाही. बहीण आहे असं मी म्हणाले का? आठवत नाही. म्हणाले असेन तर फार हळू म्हणाले. गाडी मागच्या फाटकातून गेली, मी रिक्षा शोधत रस्त्यावर आले, आणि तेवढ्यात पर्समध्ये तीनदा घंटी वाजली. पुढचे सगळे कंटाळून नंबर सोडून गेले असणार. माझा क्रमांक आला होता. तीन मिनिटांत यायचं होतं.

सरकारी इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच तो गेला होता; उष्मा आणि हृदय, दोन्ही. शेजाऱ्यांनी आईला आणलं होतं. फोन गेल्यावर मी बाजारातून धावत आले असं सगळ्यांनी धरलं, आणि मी ते धरू दिलं.

पार्क आठवडाभर बंद राहिलं आणि पुन्हा उघडलं. मला वाटलं होतं निदान अस्वल तरी बंद करतील. कशाला करतील? कोणीतरी दुसरं आत गेलं. पोशाख तोच. कॉलेजच्या बसमधून जाताना मला तो पार्काच्या मागच्या दोरीवर वाळत घातलेला दिसायचा, हातपाय खाली सोडून, आणि डोकं वेगळं, कुंपणाच्या चिऱ्यांवर, रस्त्याकडे तोंड करून. मी दुसऱ्या बाजूला बसायला लागले. तरी त्या वळणावर मान आपोआप फिरायची. घंटीचा तर मी धसकाच घेतला. ग्रंथालयात कोणा पोराचा फोन तशा आवाजात वाजला की माझ्या हातातली पुस्तकं खाली पडायची. आणि ऐन दुपारी, वाचनालयात पंख्याखाली मुलं गुपचूप वाचत बसलेली असताना, मला शेवटच्या बाकावर तो दिसायचा, पंजा गळ्याशी नेणारा. भूत-बित मी मानत नाही. पण मी वर बघायला टाळाटाळ करायचे, एवढं खरं.

पाऊस सरल्यावर एक दिवस आई म्हणाली, "बाय, अस्वल अजून हाय ना थंय?"

मी म्हटलं, आहे.

"मना नंबर काडून दे. रविवारी जाऊ."

मी नको म्हणून पाहिलं. गर्दी असते, ऊन असतं, तुझे गुडघे दुखतात. तिने ऐकलं नाही. शेवटी मीच फाटकाशी कोड टिपला आणि माझ्याच फोनवर आईसाठी नंबर घेतला. शेडमध्ये मी त्या दिवशीच्या बाकावर बसले नाही. घंटी वाजली तशी आई उठली, पदर सारखा केला आणि एकटी दोरीपलीकडे गेली. अस्वलाने हात पसरले. आईने मिठी मारली नाही. तिने दोन्ही हात वर नेले आणि त्याच्या गळ्यावरून, मानेच्या मागून, बोटं फिरवली, तान्ह्या पोराचं टोपडं नीट करावं तशी. वेळ संपल्यावर परत आली. घरी तिने जेमतेम दोन घास खाल्ले. भाऊ गेल्यापासून ती तेवढंच खायची, आणि अंगावरचं लुगडं दिवसेंदिवस सैल होत चाललं होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या पुन्हा. दर वेळी तेच, मानेवरून बोटं. मला वाटायचं ती आत मुलगा आहे असं समजून कुरवाळतेय, हिचं डोकं फिरायला लागलंय. आणि त्याहून भीती वाटायची ती अशी की एखाद्या रविवारी गणवेशातला तो माणूस मला ओळखेल आणि आईसमोर म्हणेल, मॅडम, त्या दिवशी तुम्हीच होता ना? मी तोंडावर ओढणी घेऊन बसायचे. एकदा वाटलं, आपणच सांगून मोकळं व्हावं. फाटकाशी तोंडही उघडलं, पण आईने हात धरून विचारलं, "कितवा चाललाय गो?" आणि मी नंबर सांगितला.

चौथ्या रविवारी आईचा नंबर लवकर आला. ती आत गेली, नेहमीसारखे हात वर नेले, मानेमागे बोटं घातली. आणि तिने झटका देऊन अस्वलाचं डोकं काढलं.

संकासुराच्या पाया पडणाऱ्या बाईने, चारचौघांत, लहान मुलांसमोर. पुढे उभी असलेली मुलगी किंचाळून आपल्या आईला बिलगली. आत एक बाई होती, माझ्याच वयाची असेल. केस ओले होऊन डोक्याला चिकटलेले, टिकली घामाने भुवईपर्यंत घसरलेली. ती ओरडली नाही. तोंड उघडं ठेवून तिने दोनदा मोठा श्वास घेतला. आई डोकं दोन्ही हातांत धरून त्याच्या आत बघत होती. गणवेशातला माणूस धावत आला, "आजी, हे काय करता, मुलं हायत," म्हणून डोकं हिसकावायला लागला. मी हात जोडले, माफी मागितली, म्हातारं माणूस आहे म्हणाले. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ती बाई खाली बसून बाटलीतलं पाणी घटाघटा पीत होती आणि मुलं तिच्याकडे टक लावून बघत होती. आम्हाला फाटकाबाहेर काढलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर आईने हातपाय धुतले आणि म्हणाली, वाढ. मी भात आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. ती भराभर जेवायला लागली. मी बघतच राहिले. अर्धं जेवण झाल्यावर, मान वर न करता, ती बोलायला लागली.

"तो बंद मी शिवलेला," ती म्हणाली. "त्या डोक्याचा. ढिला होता, डोकं गदगदायचं. एकदा सोमवारचा, पार्काला सुट्टी, डोकंच घरी घेऊन आला, आये घट्ट शिवून दे म्हनला. मी दुहेरी दोऱ्यानं शिवला. इतका घट्ट शिवला, गो." तिने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "तो गेल्यावर मना येकच खात होतं. माज्या शिवनीनं गळा आवळला त्याचा. काडायला गेला आसेल, सुटला नसेल. तीन येळा मी हात लावून बगितला. माजाच दोरा हाय. पन वडायचा धीर होईना, सोंगाचं तोंड कसं काडायचं?"

मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

"आज वडला. येका हातानं सुटला गो. पंजे घातलेल्या मानसाला नसेल जमत, पन भायेरनं लगेच सुटतो. जरा वडला की सुटतो." आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "माजा दोष नवता. कोनीपन वडला आसता तरी सुटला आसता. माज्या पोराजवळ कोनी आपलं मानूस नवतं, बाय, येवडंच."

तिने ताट पुढे सरकवलं. मी तिला आणखी भात वाढला.