भिंतीपलीकडचा पाठ

"ए गेंड्या, रजा दे! चार दिवस मागतोय, तुझी खुर्ची नाही मागत! आणि ती मिशी काळी करणं सोड, ओठावर झुरळ बसल्यासारखं दिसतं!"

रविवारची दुपार. ओरडत होतो मी, गाढ झोपेत, पलंगावर उभा राहून. हातात उशी होती, आणि उशी म्हणजे आमचे बडे बाबू. बायकोनं पाय ओढून मला खाली पाडेपर्यंत मी त्यांना बेतवा नदीत दोनदा बुचकळून काढलं होतं.

हाच माझा आजार. लोक स्वप्न बघतात, मी करून दाखवतो. माझ्या एका लाथेनं तक्क्या थेट दतियाच्या हद्दीत जाऊन पडला होता. आणायला बस करावी लागली. बायको जमिनीवर झोपायची, तीही डोक्याशी पाट उभा करून.

खरे बडे बाबू झाशीच्या आमच्या रेल्वे क्वार्टरला लागून, भिंतीपलीकडेच राहायचे. ऑफिसात त्यांच्यापुढे माझ्या तोंडून 'जी सर'पलीकडे काही निघत नसे. पण माणूस अस्सल बुंदेलखंडी, मराठीचा गंध नाही. सोमवारी भेटले की हात जोडायचे.

"भाई साहब, कल फिर आपका मराठी पाठ सुना. क्या जोश है! कौन-से देवता का है?"

"नरसिंहाचं... नरसिंह भगवान का, सर."

"तभी."

देव पावतही होता. रजेसाठी गर्जलो, त्याच आठवड्यात रजा मंजूर. ऑफिसात डोक्यावर खडखडणाऱ्या पंख्याचा उद्धार केला, पंखा नवा आला. बडे बाबूंनी मिशी रंगवणंही सोडलं. वय झालं, म्हटलं.

मग बातमी आली. बडे बाबू बदलून चालले, आणि त्यांच्या खुर्चीत, त्यांच्याच क्वार्टरात, भुसावळचे पक्के मराठी बडे बाबू येणार.

"आता तुमचा नरसिंह शब्दन् शब्द कळणार," बायको म्हणाली. "पहिल्याच रविवारी तुमची बदली, जिथं अजून रूळसुद्धा पोचले नाहीत तिथं."

औषधाची शोधाशोध सुरू झाली. सासूबाईंनी फोनवरून जायफळ सांगितलं. इतकं उगाळलं की सहाणेची बशी झाली. शिव्यांना बासुंदीचा वास तेवढा आला. बरुआसागरच्या वैद्यजींनी तेल दिलं, "बाबूजी, इससे भैंसा भी सो जाए." रेडा झोपला असेल, मी तेलकट डोक्यानं गर्जत राहिलो. एका डॉक्टरच्या गोळीनं ओरडणं तसंच राहिलं, वर ऑफिसात शिक्क्यावर कपाळ टेकून झोपलो आणि 'रद्द' असा ठसा घेऊन घरी आलो.

शेवटी मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरीणबाई. त्यांनी मला गप्प बसवलं. "भाभीजी, आप बताइए." भाभीजींनी असं काही रंगवून सांगितलं की बाहेरच्या रांगेतले पेशंट आत येऊन बसले. स्वप्नात शरीराला कुलूप लागतं, बाई म्हणाल्या, यांचं लागत नाही. झोपण्याआधी घ्यायची एक चिमुकली गोळी दिली. पहिल्यांदा कमी पडली. त्यांनी मात्रा वाढवली, आणि एका रविवारी मी असा झोपलो की बायकोनं नाकाशी सूत धरून पाहिलं. सूत हललं तेव्हा तिनं पाट स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि स्वतः पलंगावर येऊन झोपली.

घरात दिवाळी. ऑफिसात मात्र नवा पंखा बिघडला तो बिघडलाच, आणि रजेचा अर्ज दोनदा परत आला. जाणाऱ्या माणसाचं लक्ष नसतं, म्हटलं.

निरोपाच्या दिवशी मी हार घातला. पांढऱ्या मिशीतून बडे बाबू हळूच म्हणाले, "पाठ बंद कर दिया?"

"जी सर. अब मन में करता हूँ."

"तभी हमें कुछ पता नहीं चला."

मी हसलो. "वैसे भी सर, आपको कहाँ समझ में आता था!"

बडे बाबूंनी हार सरळ केला.

"हमारी अम्मा गुरसराय के मराठी घर की थीं."