दोन जावई आणि एक काउंटर

साडू हे नातं आपण निवडत नाही. लग्न आपण एका मुलीशी करतो आणि तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा आपोआप पदरात पडतो. माझ्या पदरात पडलेला साडू नेमका माझ्याच धंद्यातला निघाला. तोही प्रोग्रॅम लिहितो, मीही लिहितो. आडपडदा कशाला ठेवू, मी त्याच्यावर जळतो.

जळावं असं त्याच्याकडे आहे तरी काय? नऊ वर्षांचा, विटेएवढा जाड लॅपटॉप. बॅटरी कधीच गेलेली, वायर निघाली की राम म्हणतो. झाकणाची बिजागरी तुटली म्हणून मागे जाडजूड पुस्तक टेकवून बसतो. फोनची काच तडकलेली. आणि माझ्याकडे? दोन मोठे मॉनिटर, खटखट वाजणारा कीबोर्ड, पावलं मोजणारं घड्याळ आणि गेल्याच महिन्यात घेतलेलं नवंकोरं मशीन. त्याच्या प्रोसेसरबद्दल मी जेवताना इतकं बोललो की बायको म्हणाली, "मग त्यालाच वाढायला सांग." एवढं सगळं असून सासुरवाडीला गेलो की सासूबाई माझ्या खांद्यावरून मागे बघतात आणि विचारतात, "थोरले नाही आले?"

सासऱ्यांची रक्त तपासायची लॅब आहे. आत सासरे आणि काउंटरवर सासूबाई, सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत. पेशंटचं नाव लिहायचं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची, संध्याकाळी रिपोर्ट हातात द्यायचा. अलीकडे मात्र त्यांच्या चुका व्हायला लागल्या होत्या. दोनदा एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात गेला. सासरे वैतागले. आम्हा दोघा जावयांसमोरच म्हणाले, "एखादा चांगला प्रोग्रॅम बसवून बघू. त्यानंही भागलं नाही, तर काउंटरवर दुसरं माणूस ठेवावं लागेल."

सासूबाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करत बसल्या.

"मी करतो," मी लगेच म्हटलं. साडू म्हणाला, "मीही बघतो." तिथेच माझं डोकं फिरलं. एक जण करतोय म्हटल्यावर दुसऱ्यानं बघायचं काय? पण ठीक आहे, म्हटलं, होऊन जाऊ दे. सासूबाईंची खुर्ची वाचवणारा जावई कोण, हे तरी एकदाचं ठरेल.

मी तीन रविवार घातले. रंगीत आलेख, अलगद सरकत येणाऱ्या खिडक्या, पांढऱ्या पडद्यावर नाजूक, फिकट राखाडी अक्षरं. एखाद्या महागड्या घड्याळाच्या जाहिरातीसारखं दिसत होतं. साडूनं काय केलं? चार दिवस रजा टाकून सकाळी लॅबमध्ये जाऊन सासूबाईंशेजारी स्टुलावर बसला. तिथे एक ओळ लिहिली नाही. पाचव्या दिवशी जे दाखवलं त्यात पांढरा पडदा, काळी अक्षरं आणि सगळं एकाच खिडकीत. अक्षरं तर बोटाएवढी.

"साडूभाऊ, दुकानाची पाटी रंगवताय का?" मी विचारलं.

"तसंच समजा," म्हणाला आणि हसला. माझ्या टोमण्यांवर तो नेहमी असाच हसतो. अंगाची लाही होते नुसती.

पहिला मान माझ्या प्रोग्रॅमचा. काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चढवला आणि नाव टाकलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. रांग दारापर्यंत गेली. सासूबाई म्हणाल्या, "दिसतंय छान हो, पण हे गोल गोल काय फिरतंय?"

"माझ्या मशीनवर पळतं," मी म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य न बोललेला माणूस सापडणार नाही.

"मग तुमचं मशीनच आणून ठेवा इथे," सासरे म्हणाले.

टोमणा होता तो. मी हट्टाला पेटलो आणि दुसऱ्या दिवशी खरंच माझं नवं मशीन काउंटरवर नेऊन ठेवलं. "अक्कल कुठे ठेवलीस?" बायकोनं विचारलं. मी ऐकतो कुठे? प्रोग्रॅम वाऱ्यासारखा पळाला. साडूचाही त्यावर चढवून दिला, एका कोपऱ्यात. जिंकलेल्या माणसाला तेवढा मोठेपणा परवडतो. काउंटरवरचं खटारं मी घरी आणलं आणि आठवडाभर दात-ओठ खात त्याच्यावर काम केलं.

आठ दिवसांनी न सांगता लॅबमध्ये गेलो, कौतुक ऐकायला. सासूबाई भराभर नावं टाकत होत्या. सासरे आतूनच ओरडून म्हणाले, "आठवड्यात एक चूक नाही! दुसरं माणूस आता कशाला हवंय?" मी छाती फुगवून काउंटरच्या मागे गेलो. माझ्या मशीनवर बोटाएवढी काळी अक्षरं होती.

"माझा प्रोग्रॅम हळू चालत होता का?"

"नाही हो, धावत होता. मलाच दिसत नव्हता." सासूबाईंनी आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. थोरले इथे बसले होते ना, त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, आई, तुम्हाला नावं नीट वाचता येतात का? मग डॉक्टरकडेही तेच घेऊन गेले. तारीख ठरली की यांना आणि मुलींना सांगणारच आहे. आधी सांगितलं असतं, तर पहिलं या खुर्चीवरून उठवलं असतं मला."

दहा वर्षं मी या बाईंच्या घरी जेवतोय. चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरून वाचताना मी त्यांना कितीदा पाहिलं होतं. वय झालं, एवढंच मनात आलं होतं. आणि अशा डोळ्यांसमोर मी फिकट राखाडी अक्षरं नाचवली. लाज वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगतो, लाजेच्या आधी पोटात दुखलं. त्यानं विचारलं आणि यांनी त्याला सांगितलं. पोटच्या मुलींना नाही, त्याला.

"ऑपरेशनला मी नेणार तुम्हाला," मी म्हटलं.

"अहो, थोरल्यांनी रजा काढायचं ठरवलंसुद्धा."

"डोळे दोन आहेत ना?" मी म्हटलं. "मग दुसऱ्या डोळ्याला मी."