भुताबरोबरची फुगडी

ताई, तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही. मी निघाले त्या सकाळी मिरजेच्या घरासमोर टॅक्सी उभी होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला होता आणि आई पदर खोचून अंगणातल्या फरशीवर उभी राहिली. म्हणाली, "जायच्या आधी एक फुगडी घाल माझ्याबरोबर." मला लाज वाटली. शेजारीपाजारी निरोपाला जमलेले, माझ्या अंगात नवी कडक जीन्स, पर्समध्ये पासपोर्ट. "तुझे गुडघे दुखतात, आई. परत आल्यावर घालू," म्हणाले, घाईघाईने वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसले. तू तेव्हा लोणच्याची बरणी आणायला आत गेली होतीस, ती राहिलीच.

गाडी वळताना मी मागच्या काचेतून पाहिलं. आई तशीच उभी होती. दोन्ही हात पुढे, मनगटं एकमेकांवर, फुगडीला धरतात तशी. समोर कोणी नव्हतं.

पुढच्या खेपेला आले तेव्हा तिचे गुडघे खरोखरच गेले होते. ती गेली तेव्हा माझे व्हिसाचे कागद अडकले होते आणि सगळं तू एकटीने केलंस. त्यानंतर मी आलेच नाही. माझ्या सईची शाळा, ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज, तिकिटांचे भाव, अशी कारणं सांगत राहिले. तुला वाटलं असेल, हिला आता इकडचं काही उरलं नाही. खरं कारण ते अंगण होतं. रूट वन हायवेवरून घरी येताना गाडीच्या आरशात मागे पाहिलं, तरी कधीकधी मला ते हात दिसतात आणि गाडी बाजूला घ्यावी लागते.

श्रावणात आईला मंगळागौरीच्या खेळांसाठी घरोघरी बोलावणी यायची, आठवतं? नव्या मुलींना फुगडीचे प्रकार तिनेच शिकवायचे. साधी, बसफुगडी, एका हाताची. नमुन्याला ती मला उभी करायची, कारण तुझे म्हणे पाय सरळ पडत नव्हते. "मागं झुक. घाबरतेस काय, मी धरलंय," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. दोघींनी सारखंच मागे झुकायचं. एकीने अंग चोरलं की दुसरी पडते.

इथे वेस्ट विंडसरला आल्यावर पहिली दोनतीन वर्षं ऑफिस आणि अपार्टमेंट यांपलीकडे मला काही माहीत नव्हतं. एका रविवारी दुपारी ऑफिसातली मैत्रीण मला चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथे कॉन्ट्रा डान्स चालतो. समोरासमोर दोन लांब रांगा, कोपऱ्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजतं, स्टेजवरून एकजण पुढची चाल पुकारतो. एका जोडीने शेजारच्या जोडीबरोबर चाली पुऱ्या करायच्या आणि रांगेत एक घर पुढे सरकायचं, की समोर नवी माणसं. 'स्विंग', म्हणजे जोडीने गरगर फिरायची चाल, आली तेव्हा समोरच्या गृहस्थांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीला लावायला हात पुढे केला आणि मी, सवयीने, दोन्ही हातांची कात्री करून त्यांच्यापुढे धरली. ते गोंधळले, पण त्यांनी माझे हात धरले. मी मागे झुकले, तेही झुकले आणि आम्ही अशी फुगडी घातली की बाकीचे थांबून बघायला लागले. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

ते वॉल्टर, तिथे नाच शिकवणारे. मी त्यांना वॉल्टरकाका म्हणते, त्यांनाही ते आवडतं. पुढे त्यांनीच मला पुकारायला शिकवलं. दिवसभर मीटिंगमध्ये माझं कोणी ऐकत नाही, पण रविवारी मी 'डावीकडे' म्हटलं की अख्खा हॉल डावीकडे वळतो.

त्यांच्याकडचा एक फार जुना नाच आहे, सगळ्यांना पाठ असलेला. त्यात एके ठिकाणी आपली जोडी सोडून रांगेतल्या पुढच्या माणसाबरोबर आठ ठोके फिरायचं असतं. मी तिथे आपली फुगडी बसवली. लोकांना आवडली, पण रांगेची टोकं मोडायला लागली. टोकाला पुढचं माणूस नसतंच. अशा वेळी त्यांच्याकडे रीत अशी की समोर कोणी आहे असं धरून ती चाल तशीच पुरी करायची. त्याला ते 'घोस्ट' म्हणतात, चक्क भूत. मी ते शिकवायचंच टाळलं होतं. टोकाच्यांनो, नुसते उभे राहा, असं सांगायचे. उभा राहिलेला माणूस पुढच्या चालीला उशिरा पोचायचा आणि त्याच्यामागे सगळी रांग कोलमडायची. वॉल्टरकाकांनी दोन रविवार नुसतं पाहिलं. तिसऱ्या रविवारी म्हणाले, तुझा बदल चांगला आहे, पण तुला भुताची भीती वाटते.

मागच्या रविवारी मी ते शिकवायला स्टेजवर उभी राहिले. टोकाला नेमकी सई आली. सोळा वर्षांची आहे आता, तिला नमुन्याला मीच आणते.

"आई, हाऊ डू आय लीन बॅक?" तिने खालून विचारलं. "देअर्स नोबडी होल्डिंग मी."

मी म्हटलं, "झुकायचं नाही. आपल्या पायांवर फिरायचं. पण हात पुढे ठेवायचे, आठ मोजेपर्यंत."

तिने हात पुढे केले. मनगटावर मनगट. समोर रिकामी जागा. मी पुकारायचीच थांबले. फिडलवाला माझ्याकडे बघत राहिला, सगळे थांबले. सई थांबली नाही. तोंडाने मोजत एकटी फिरली आणि आठव्या ठोक्याला बरोबर आपल्या जागी आली. तिथे तिचा जोडीदार हात पुढे करून उभाच होता.

ताई, इतकी वर्षं मला वाटायचं की आई त्या दिवशी मला दोष देत उभी होती. असेलही. किंवा मी नसतानाही ती आपली फुगडी पुरी करत असेल. आता कोणाला विचारणार? हात दिसायचे थांबलेले नाहीत. काल आरशात पुन्हा दिसले. फक्त मी गाडी बाजूला घेतली नाही.

घर म्हणजे काय, असं सई विचारते तेव्हा मला मिरज सांगता येत नाही आणि वेस्ट विंडसरही सांगता येत नाही. मला ती फरशी दिसते, मी रिकामी सोडलेली.

श्रावणात आम्ही दोघी येतोय, तिकिटं काढली. तुझे पाय सरळ पडत नाहीत, ठाऊक आहे. अंगणातल्या कुंड्या तेवढ्या बाजूला करून ठेव. आणि गुडघे दुखतात असं मात्र मला सांगू नकोस, ताई.