बासष्ट किलोचं माप

बाजाराच्या शेवटच्या गल्लीत वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने दारातच उभं राहायचं. भिंतीला तराजू टांगलेले, फळीवर गोल तबकडीचे काटे पोट उघडं टाकून पडलेले आणि उंबऱ्यापाशी लोखंडी मापं ओळीने मांडलेली, छटाकभर पोरापासून वीस किलोच्या आजोबापर्यंत. लोक त्याला काटेवाले म्हणतात. खरं नाव विचाराल तर शेजारच्या कुलूपवाल्यालाही डोकं खाजवावं लागेल.

हाताचा सच्चा माणूस. दुसऱ्याने तीनदा उघडून बंद केलेला काटा याच्याकडे आला की एका बैठकीत सरळ व्हायचा. "माझा काटा चुकत नाही," असं तो म्हणायचा, आणि ते ऐकून कोणाला राग येत नसे, कारण खरंच चुकत नसे.

मोठे काटे तपासायला वीस-वीस किलोची मापं सायकलला बांधून न्यावी लागत. त्यात कंबर मोडायची. म्हणून तो आधी स्वतःच काट्यावर चढायचा. मिसरूड फुटल्यापासून त्याचं वजन बासष्ट किलो. ना खाली, ना वर. दुकानदाराला म्हणायचा, "हे बघा, बासष्ट. आम्ही चालतं-बोलतं माप."

"फक्त पाठीवर सरकारी शिक्का मारून घ्यायचा राहिलाय," कुलूपवाला म्हणायचा.

या बासष्टवर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. आणि त्या भरवशानेच त्याचा घात केला. ती गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची.

तेव्हा त्याची बायको पहिलटकरीण होती, आठवा महिना लागलेला. टेकडीवरच्या लहान दवाखान्यात दर आठवड्याला वजन करून यायची. एका सोमवारी ती परत आली ती उंबऱ्यावरच बसली. चपला काढल्या तर पट्ट्यांचे वळ पायावर तसेच राहिलेले.

"सिस्टर म्हणाल्या, आठवड्यात अडीच किलो वाढलं," ती म्हणाली. "पायावर सूज आहे, बीपीही थोडं वर आहे. गुरुवारी परत बोलावलंय. असंच राहिलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवते म्हणाल्या."

"अडीच किलो?" तो हसला. "खायचं चिमणीएवढं आणि वाढायचं म्हशीएवढं?"

"म्हैस कोणाला म्हणता हो?"

"त्यांच्या काट्याला. काटा गेलाय त्यांचा. उद्या बघून येतो."

तीही हसली. नवरा म्हणतोय काटा गेला, म्हणजे गेलाच असणार. गल्लीतलं कोणीही असंच म्हणालं असतं.

दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून तो टेकडी चढला. चढण खडी, म्हणून मापं घेतली नाहीत. सिस्टर हसून म्हणाल्या, "न बोलावता आलात काटेवाले?" तो थेट काट्यापुढे उकिडवा बसला. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर अगदी बरोबर. मग तो चढला. सुई बासष्ट ओलांडून गेली आणि साडेचौसष्टवर जाऊन थांबली.

त्याच्या चेहऱ्यावर तेच समाधान आलं, जे चोर हाताला लागल्यावर येतं. "स्प्रिंग सैल झालीय, सिस्टर. रिकामा असताना बरोबर, भार पडला की पुढे पळतो." त्याने झाकण उघडलं, आतला भाराचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, परत चढला. बासष्ट. "आता बिनघोर वापरा," म्हणाला.

गुरुवारी बायको दवाखान्यात गेली तेव्हा कार्डावर आधीपेक्षा दोन किलो कमी वजन लागलं. बीपी वरच होतं, पण चढण चढून आल्यावर ते असायचंच. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. "आता आठवड्याने ये," त्या म्हणाल्या.

तो आठवडा काही पुरा झाला नाही. सोमवारपासून तिचं डोकं ठणकत होतं, आणि ती कोणाला बोलली नाही. बुधवारी सकाळी पाण्याचा हंडा उचलताना म्हणाली, "अहो, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत," आणि तिथेच कोसळली. हात-पाय ताठ, दातखीळ बसलेली. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत आणखी एक झटका येऊन गेला. आई वाचवायची तर बाळ आत्ता काढायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी झाली. दिवस भरायला सात आठवडे बाकी होते. काचेच्या पेटीवर चिठ्ठी लावली होती: एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. आयुष्यभर वजनं वाचलेल्या माणसाने ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. एवढ्या वजनाचं तर त्याच्याकडे धड एक मापही नव्हतं, सहा मापं एकत्र ठेवावी लागली असती.

पाचव्या दिवशी तो कपडे आणायला घरी आला. पँट घालताना पट्टा ओढला आणि त्याचा हात थांबला. गेल्या महिन्यात त्याने टोच्याने या पट्ट्याला एक नवं भोक पाडलं होतं. कातडं आटलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं. कातडं कशाला आटतं? चार महिने बायकोला अन्नाचा वास सोसत नव्हता. दोन घास खाऊन ती ताट सरकवायची, आणि टाकून कसं द्यायचं म्हणून तिचं ताट तोच पुसून संपवायचा.

तो दुकानात गेला. मोठा काटा काढला, शिक्क्याची मापं लावून तो खरा असल्याची खात्री केली आणि वर चढला. साडेचौसष्ट.

टेकडीवर जाऊन त्याने तो स्क्रू गुपचूप अर्धा फेरा उलटा फिरवला. सिस्टरना म्हणाला, तेलपाणी करायला आलो होतो. कोणाला काही बोलला नाही. बायको अजून डोळे उघडून नीट बघतही नव्हती. बरी झाली की सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं.

मुलगी जगली. तिला सगळे बारकी म्हणू लागले. बारकी दीड वर्षाची होऊन बसली, तीन वर्षांची होऊन चालली. शाळेत आठ दिवसांत शिकवलेलं रविवार उलटला की पुसून जायचं. आकडे पाचापर्यंत यायचे, मग पुन्हा दोन. तिच्या बरोबरीची पोरं वर्ग चढत गेली आणि बारकी पहिल्या बाकावर तिथेच राहिली, नुसतीच उंच होत.

आणि दोष? तो घरात एकाच जागी जाऊन बसला. काटेवाल्याची थोरली बहीण दर भेटीत म्हणायची, "डोकं दुखतंय हे तोंडाने सांगता येत नव्हतं का गं तुला? वर हंडे उचलत होतीस." बायको मान खाली घालायची. तो तिथेच असायचा, हातात काहीतरी दुरुस्तीचं घेऊन. एकदाच म्हणाला, "जाऊ दे ना ताई." त्यावर बहीण म्हणाली, "तू आहेस म्हणून सांभाळून घेतोस." त्यानंतर त्याला सांगणं आणखीच अवघड झालं. बरी झाली की सांगू, मुलगी बोलायला लागली की सांगू, शाळेत गेली की सांगू. सोळा वर्षं गेली.

बारकी दुकानात रमायची. आकडा वाचता येत नव्हता, पण दोन्ही पारडी समान झाली की तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. "बरोबर," असं म्हणून टाळी वाजवायची. दारातल्या मोठ्या काट्याच्या तबकडीवर तिच्या वजनापाशी त्याने लाल ठिपका काढून दिला होता. रोज आल्या आल्या ती काट्यावर चढायची, सुई ठिपक्यावर टेकली की खूश होऊन उतरायची. गेलं वर्षभर ना ठिपका हलला होता, ना तिचं वजन.

यंदा तिला हातकाम शिकवणाऱ्या वर्गात घालायचं ठरलं. त्यासाठी डॉक्टरांचा कागद हवा होता. तिघंही मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी जन्माच्या वेळचे कागद आहेत का विचारलं. बायकोने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं ते जुनं कार्ड काढलं. इतकी वर्षं तिने ते जपलंय, हे त्याला माहीतच नव्हतं.

"बीपी वाढलं की बाळाला रक्त कमी पोचतं," डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या. "बाळ लहान राहतं, लवकर काढावं लागतं. अशा मुलांना पुढे शिकायला जड जाण्याची शक्यता जास्त असते. पण सगळ्यांनाच जातं असं नाही, पुष्कळ मुलं छान शिकतात. हिचं त्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही." मग त्यांचं बोट कार्डावर थांबलं. "सोमवारी वजन एकदम वाढलंय, म्हणजे अंगात पाणी साचत होतं, आणि गुरुवारी दोन किलो खाली. मध्ये जुलाब वगैरे झाले होते?"

"नाही," बायको म्हणाली. "मीच काही खाल्लं नसेन. आणि डोकं दुखत होतं तेही मी बोलले नाही, बाई. माझ्याच हातून झालं सगळं."

"आईची चूक नसते हो यात."

बायकोने मान डोलावली. ही मान विश्वास बसल्याची नव्हती, ऐकून घेतल्याची होती. मग तिने विचारलं, "चार दिवस आधी कळलं असतं तर?"

"कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता."

काटेवाल्याकडे ग्रॅमपासून वीस किलोपर्यंतची मापं होती. त्या एका शब्दापुढे काय ठेवायचं ते त्याला उमगेना.

दवाखान्याच्या फाटकाशी झाडाला पार होता. बारकी फरशा मोजत पुढे गेली, एक, दोन, तीन, पाच, दोन. त्याने बायकोला बसायला सांगितलं आणि सांगून टाकलं. चढण, न नेलेली मापं, साडेचौसष्ट, स्क्रू, पट्ट्याचं भोक. काही राखून ठेवलं नाही.

ती कार्डाच्या प्लॅस्टिकची घडी घालत राहिली.

"ताई मला बोलायच्या तेव्हा तुम्ही तिथेच असायचात," ती म्हणाली.

"हो."

"स्क्रूचं मी एक वेळ समजून घेईन. काटा चुकला म्हणेन. पण ही सोळा वर्षं?" ती उठली आणि बारकीचा हात धरून चालायला लागली. तो दहा पावलं मागून चालत राहिला.

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. ताट वाढलेलं असायचं, पण "अहो, जेवायला या" ही हाक नव्हती. तो ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बारकीला घेऊन दुकानात आली. बाकावर बसली नाही.

"कुठला स्क्रू?"

त्याने दारातल्या मोठ्या काट्याचं झाकण उघडलं आणि बोट दाखवलं. तिने पेचकस हातात घेतला.

"किती?"

"अर्धा फेरा."

तिने पेचकस लावला आणि फिरवला. नुसतं मनगट वळलं, बांगडीसुद्धा वाजली नाही.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

ती तिथेच जमिनीवर बसली. सोळा वर्षांत तिला असं रडताना त्याने पाहिलं नव्हतं. पदर तोंडात धरलेला, आणि तरीही आवाज बाहेर येत होता. कुलूपवाल्याने पलीकडे आपली कानस थांबवली. तिच्या खांद्यावर ठेवायला त्याने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

बारकीला आईचं रडणं सोसवेना. गोंधळली की ती आपल्या ठिपक्याकडे जायची. ती काट्यावर चढली. सुई ठिपक्याच्या अलीकडेच थांबली. ती उतरली, परत चढली. पाय नीट जुळवून उभी राहिली. सुई हलेना.

ती खाली उतरली. पारडं हलकं पडलं की बाबा त्यात माप ठेवतात, ते ती रोज बघत होती. उंबऱ्यापाशी जाऊन तिने ओळीतून दोन किलोचं माप उचललं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि पुन्हा चढली. सुई ठिपक्यावर जाऊन टेकली.

"बरोबर," बारकी म्हणाली. माप हातात असल्याने टाळी वाजवता येईना, म्हणून नुसती हसली.

बायको उठली. डोळे पुसले नाहीत. बारकीच्या छातीवरचं ते माप तिने हलकेच काढून घेतलं, जागेवर ठेवलं. "हे नको, बाळा. तू बरोबर आहेस. काटा चुकलाय."

बारकी बापाकडे बघायला लागली. काट्याचं काही असलं की शेवटचा शब्द त्याचा, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं.

"हो," तो म्हणाला. "माझा काटा चुकला."