‘उद्या ने’ म्हणणारे मास्तर

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. गल्लीच्या तोंडाशी, सायकलवाला आणि चष्मेवाला यांच्यामध्ये अंग चोरून उभं असलेलं त्यांचं दुकान. आत एक मशीन, कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि तयार कपडे टांगायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला एक गज. माप घेताना मास्तरांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे बोलणं बेताचंच. शेवटी मात्र टाचण्या काढून एक वाक्य ठरलेलं, "उद्या ने."

हे ‘उद्या’ मोठं फसवं होतं. नवा शर्ट शिवायला टाकून त्यावर विसंबलेली माणसं जुन्या शर्टावर लग्नाला गेलेली आहेत. पण दुरुस्तीचं काम असलं की मास्तर शब्दाचे पक्के. उसवलेलं, फाटलेलं, सैल झालेलं, घट्ट झालेलं, सगळं उद्या म्हणजे उद्याच मिळायचं. नवे कपडे माणूस हौसेने शिवतो, दुरुस्तीला येतो तो अडलेला असतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पोट सुटलं तरी नाही, हाडं वर आली तरी नाही. टेप लावायची, खडूची रेघ मारायची आणि गप्प बसायचं. मास्तरांनी हा नियम जन्मभर डोळ्यांत तेल घालून पाळला. कोणी याला सभ्यपणा म्हणेल, आणि तो सभ्यपणाच होता. पण सभ्यपणासुद्धा एखाद्याचं घर बुडवू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांचा धाकटा भाऊ शाळेची बस चालवायचा. दोघांच्या वाटणीचं बोलणं या एकट्याला मिळालं होतं. दुपारची फेरी झाली की दुकानाच्या दारातल्या स्टुलावर येऊन बसायचा आणि गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचा. "काका, या शर्टाची घाई करू नका. दादाने शिवेपर्यंत तो नातवाला येईल." काका हसायचे, मास्तर टाचण्यांमागून गुरगुरायचे, आणि शर्ट तसाच पडून राहायचा. त्याच्या लग्नात मास्तरांनी भावजयेला शिलाई मशीन घेऊन दिलं. नुसतं दिलं नाही, समोर बसवून शिकवलंही. पोरीचा हात चांगला बसला. नवऱ्याचं ऐकून तीही मास्तरांना दादाच म्हणायची.

एकदा धाकटा कामावरची पँट घेऊन आला. "दादा, कंबर जरा आत घे रे. खाली येते." मास्तरांनी टेप लावली, रेघ मारली, म्हणाले, "उद्या ने." तो तरीही स्टुलावर बसून राहिला. त्या दिवशी त्याने कोणाची फिरकी घेतली नाही. पोरांनी बसमध्ये डोकं खाल्लं असेल, असं मास्तरांना वाटलं.

काही महिन्यांनी तीच पँट परत आली. या वेळी कंबर इतकी आत घ्यावी लागली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटायला आले. साध्या शिंप्याने ते तसेच सोडले असते. मास्तरांनी खिसे काढून नव्याने बसवले. तिसऱ्या वेळी तर सगळी पँट उसवून पुन्हा उभी केली, पायसुद्धा बारीक केले. धाकट्याने ती घालून पाहिली तेव्हा मास्तर दोन पावलं मागे सरले आणि आपल्या कामावर खूश झाले. कुठे हात लागलाय हे कोणाला कळणार नाही, अशी सफाई होती.

आणि खरंच कोणाला कळलं नाही. बसमध्ये पोरं सांभाळणाऱ्या बाईंना नाही, शेजाऱ्यांना नाही, आईला नाही. अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेला माणूस खंगलेला दिसतच नाही. भावाचं वाळत जाणं सख्ख्या भावाने झाकून दिलं, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. बायकोला दिसत होतं. ती डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागायची. तो हसण्यावारी न्यायचा आणि आईला, दादाला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी तिला शपथ घालायचा.

एके सकाळी शाळेची बस जागची हललीच नाही. त्याने आपणच आपला जीव संपवला होता.

आई रडली ती नंतर. आधी तिने दार लावून घेतलं आणि सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "हृदय बंद पडलं म्हणायचं. माझ्या लेकाला कोणी वेडा म्हटलेलं मला चालणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या घटकेला दुसरं काही सुचतही नव्हतं. पुढे दुकानात जो येईल तो विचारायचा, आणि मास्तर टाचण्या ओठांतून न काढताच म्हणायचे, "हृदय बंद पडलं." म्हणून म्हणून ते वाक्य इतकं सराईत झालं की ऐकणाऱ्याला त्यात काही खुपायचं नाही. दारातला स्टूल मात्र त्यांनी आत टेबलाखाली सारून दिला.

भावजय एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर बसायची. महिन्याभरात ती कामावर गेली. सगळे म्हणाले, धीराची आहे हो. एकदा धीराची म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही, म्हणून लोक हा शब्द मोठ्या खुशीने वापरतात. मास्तरांनीही वापरला.

मग एका दुपारी ती दुकानात आली. हातात पिशवी, पिशवीत कामावरची काळी पँट.

"दादा, कंबर आत घ्यायचीय."

मास्तरांनी टेप काढली. हात आपोआप चालत होते. तिने अंगावरच्या कुर्त्यावरून टेप गुंडाळून त्यांच्या हातात टोक दिलं, त्यांनी आकडा पाहिला, पँट टेबलावर पसरली आणि खडूने रेघ मारली. टाचण्या ओठांतून काढल्या.

"उद्या ने."

"बरं," ती म्हणाली आणि पायरी उतरली. उतरली, पण गेली नाही. पायरीखाली पाठमोरी उभी राहिली, पाऊस थांबायची वाट बघत थांबावं तशी. बाहेर लख्ख ऊन होतं.

मास्तरांची नजर रेघेवर गेली. इतकी आत? आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. हिच्या घरी मशीन आहे. कंबर आत घेणं आपणच हिला शिकवलं. डोळे मिटूनसुद्धा करील ही हे काम.

"अगं, इकडे ये."

ती वळली. मास्तरांनी टेबलाखालून स्टूल ओढून काढला, सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि तिच्यापुढे ठेवला. जन्मभर जे विचारायचं नाही म्हणून शिकले, तेच आता विचारायचं होतं.

"तू वाळलीयस किती, पोरी. जेवतेस का?"

"जेवते थोडं."

"झोप?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "एक विचारतो. रागावू नकोस. त्याच्या मनात आलं तसलं काही... तुझ्याही मनात येतं का गं?"

बाहेर सायकलवाला ट्यूबमध्ये हवा भरत होता, त्याचाच तेवढा आवाज.

"येतं," ती म्हणाली. आणि आजवर धीराची असलेली ती पोर त्या स्टुलावर बसून मोठमोठ्याने रडली. मास्तरांनी पँट उचलली आणि रेघेवरून तळवा घासून ती पुसून टाकली.

"ही मी बारीक करणार नाही," ते म्हणाले. "चल ऊठ. आत्ता जायचं."

शटर ओढत असताना एक गिऱ्हाईक आडवं आलं. "अहो मास्तर, माझा शर्ट?"

"नाही झाला. खोटं सांगत होतो," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. बाहेरच्या बाकावर माणसं खाली माना घालून बसली होती. आत एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी भावजयेला घाई न करता बोलू दिलं, मग विचारलं, "घरात आधी कोणाला असा त्रास होता का?"

मास्तरांच्या ओठांवर ते सराईत वाक्य आलंच होतं. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर ओळखीचं कोणी असलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल, आईच्या कानावर जाईल. भावजय जमिनीकडे बघत होती.

"होता," मास्तर म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. "माझ्या भावाला. हिच्या नवऱ्याला. हृदयबिदय काही नाही, त्याने स्वतःला संपवलं. आम्ही लोकांना खोटं सांगत आलो."

बाकावरची एक-दोन डोकी वर झाली. डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं.

"मी हिला आज सरळ विचारलं," मास्तर म्हणाले. "विचारून चूक नाही ना केली? असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं शिरतं, म्हणतात."

"नाही शिरत. उलट आत साठलेलं बाहेर यायला वाट मिळते. हा आजार आहे, याला औषध आहे. आणि काही दिवस यांना एकटं ठेवू नका."

"मग त्यालाही मी विचारलं असतं तर..."

डॉक्टरबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "ते मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "आज विचारलंत, एवढं मात्र खरं."

खाली औषधांच्या खिडकीसमोर दोघं बसून राहिली. ती आता मास्तरांच्या घरी राहायला येणार, हे येताना जिन्यातच ठरलं होतं. आईला काय सांगायचं, तेही ठरलं होतं. आज जे घडलं ते. मास्तर हातातल्या कागदाच्या घड्या घालत होते आणि उलगडत होते. शेवटी म्हणाले,

"घरी मशीन असताना माझ्याकडे का आलीस गं?"

सांगावं की नाही, असं तिच्या मनात चाललेलं दिसत होतं.

"हेही तसेच यायचे ना, दादा. मी म्हणायचे, द्या इकडे, मी करते घरी. तर म्हणायचे, नको, दादाकडे जातो. त्याच्या डोळ्यांना दिसेल तरी."

मास्तरांच्या हातातली घडी तशीच राहिली.

"परत आले की मी विचारायचे, काय म्हणाले दादा?"

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणायचे, उद्या ने म्हणाला."

खिडकीतून हाक आली. मास्तर उठलेच नाहीत, त्यांना ऐकूच गेलं नाही. तीच उठली, औषधं घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसली. कडेला बघितलं तर मास्तर दोन्ही तळव्यांत तोंड धरून बसले होते. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या आणि सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती केवढीतरी सैल झाली होती. हे तिला आजच दिसलं.

"दादा," तिने हळूच विचारलं, "तुम्हाला झोप लागते का हो?"

लागते, असं म्हणायला मास्तरांनी तोंड वर केलं. ओठांत आज टाचण्या नव्हत्या.

"नाही गं," ते म्हणाले.